मसल कार: चकाकणाऱ्या आणि गंजलेल्या (प्रचि, म्हणजे प्रकाशचित्रं, भरपूर)

वुडवर्डकर

डेट्रॉइटमधून निघून पॉन्टिॲक गावापर्यंत जाणारा वुडवर्ड ॲव्हेन्यू ही मसल कारवाल्यांची पंढरी. १९६० च्या दशकात इथल्या सिग्नलांवर रात्री शर्यती लागायच्या आणि त्यात गाड्यांच्या कंपन्यांचे इंजिनिअरही आपापली नवी इंजिनं घेऊन उतरायचे. आता ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी याच रस्त्यावर ड्रीम क्रूझ भरते. १९९५ साली फर्नडेल गावात सॉकरच्या मैदानासाठी पैसे उभे करायला ती सुरू झाली. आज लोक सकाळपासून कडेला खुर्च्या टाकून बसतात आणि दिवसभर फक्त गाड्या बघतात.

क्रूझमधल्या गाड्यांचे फोटो सगळेच काढतात. मला तितकीच ओढ दुसऱ्या गाड्यांची आहे. मिशिगन आणि ओहायोच्या खेड्यांतून जाताना शेताच्या बांधावर, कोठारात, बंद पडलेल्या गॅरेजमागे त्या दिसतात. म्हणून हा धागा. दोन्ही प्रकारचे फोटो टाका. फक्त दोन गोष्टी पाळूया: मालकाला विचारल्याशिवाय कुणाच्या आवारात शिरायचं नाही, आणि गंजक्या गाडीचा फोटो टाकताना जागेचा पत्ता द्यायचा नाही. सुटे भाग चोरणारे असे फोटो बघत असतात.

प्रचि १: १९७० शेव्हरोले शेव्हेल एसएस, क्रॅनबेरी लाल. बर्मिंगहॅमजवळ, क्रूझच्या सकाळी.
प्रचि २: १९६९ पॉन्टिॲक जीटीओ जज. रंगाचं नाव कॅरोसेल रेड असलं तरी गाडी नारिंगी आहे.
प्रचि ३: १९६९ डॉज चार्जर. दक्षिण मिशिगनमधलं शेत. बॉनेट नाही, इंजिनाच्या जागेतून झाड वर आलंय.
प्रचि ४: ही ओळखायला मदत हवी. एका आजोबांच्या कोठारात ताडपत्रीखाली आहे. पुढचे दिवे एकावर एक, जाळी मधोमध दुभागलेली, नावाची अक्षरं पडून गेली आहेत. मागचे दिवे आडव्या फटींचे. सध्या त्यांच्याकडून एवढीच ताडपत्री उचलायची परवानगी मिळाली.

निशिगंध_पुणे

प्रचि २ वरून नजर हटत नाही! एक प्राथमिक प्रश्न. मसल कार नेमकी कशाला म्हणायचं? मस्टँग त्यात येते का?

पिस्टनराव

निशिगंध, मधल्या आकाराची दोन दारांची साधी गाडी घ्यायची, त्यात मोठ्या गाडीचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन बसवायचं आणि किंमत तरुण पोराला परवडेल अशी ठेवायची. हा मूळ हिशोब. मस्टँग, कमॅरो, बाराकुडा या आकाराने लहान, त्यांना पोनी कार म्हणतात. पण त्यांच्यातही मोठी इंजिनं आली, त्यामुळे आज लोक त्यांना सर्रास मसल कारमध्येच धरतात. मलाही त्यात हरकत वाटत नाही.

आधीही ताकदवान गाड्या होत्या, पण लाट आणली ती १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओने. पॉन्टिॲक ही जनरल मोटर्सची शाखा, आणि त्या वेळी जनरल मोटर्सचा नियम होता की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून मोठं इंजिन घालायचं नाही. पॉन्टिॲकचे मुख्य अभियंता जॉन डीलोरिअन आणि त्यांच्या माणसांनी टेम्पेस्ट गाडीत ३८९ घन इंचांचं इंजिन बसवून पाहिलं आणि मग नियमातली फट शोधली. नियम नव्या मॉडेलला लागू होता, जास्तीच्या पैशांत मिळणाऱ्या ऑप्शनला नव्हता. म्हणून जीटीओ हे पहिल्या दोन वर्षी वेगळं मॉडेल नव्हतंच, टेम्पेस्ट लमान्सवर घ्यायचं ३०० डॉलरच्या आतलं पॅकेज होतं. साध्या चार-बॅरल कार्ब्युरेटरवर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) ३२५ अश्वशक्ती, तीन कार्ब्युरेटरच्या ट्राय-पॉवरवर ३४८. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या गेल्या. मग वरिष्ठांनी नियमाचा विषय काढला नाही.

हे सगळं इतक्या सविस्तर सांगतोय कारण प्रचि ४ मध्ये मला जे दिसतंय त्याच्याशी याचा संबंध आहे. मागचा आणखी एक फोटो मिळेल का?

सोनोरन

ॲरिझोनातून हजेरी! आमच्याकडच्या सोडून दिलेल्या गाड्यांचा प्रकारच वेगळा.

प्रचि ५: १९६८ प्लिमथ रोडरनर, फिनिक्सच्या बाहेरचं एक भंगार आवार.
प्रचि ६: तीच गाडी, आतून.

पत्रा बघा. वरचा रंग उन्हाने पार उडालाय, खाली तांबूस थर आहे, पण बोटाने दाबला तरी पत्रा टणक. भोक एकही नाही. आणि आता आतला फोटो बघा. डॅशबोर्ड दहा ठिकाणी तडकलाय, सीटचं कापड हात लावला की भुगा होतं, दारांची रबरं दगडासारखी कडक. मिशिगनवाल्यांना गाडी खालून वाचवावी लागते, आम्हाला आतून.

रोडरनर मला फार आवडते, कारण तिच्यात काहीही फालतू नव्हतं. १९६८ च्या पहिल्या गाड्यांत गालिचासुद्धा नव्हता, जमिनीवर रबराची चटई. सगळा पैसा इंजिनात. पण कार्टूनमधल्या पक्ष्याचं नाव वापरायला मात्र प्लिमथने वॉर्नर ब्रदर्सला ५०,००० डॉलर मोजले आणि हॉर्नही त्या पक्ष्यासारखा वाजेल असा बसवला.

गंजशोध

प्रचि ३ वर खूप वेळ थांबलो. या चार्जरबद्दल लिहिणं भाग आहे.

क्रायस्लरच्या (डॉज आणि प्लिमथची मूळ कंपनी) या गाड्यांना वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नसते. बॉडीच्या तळालाच लांब पट्ट्या जोडलेल्या असतात आणि पुढच्या सस्पेन्शनचे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळ्या) तळाला जोडलेल्या आडव्या तुकडीत अडकवलेले असतात. म्हणजे तळ गेला की गाडीचा कणाच गेला. मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, ते या पट्ट्यांच्या पोकळीत जाऊन बसतं आणि आतून खात सुटतं. बाहेरून पत्रा बरा दिसतो, स्क्रूड्रायव्हर टोचला की आरपार जातो. दुसरी जागा मागच्या काचेची. छतावर व्हिनाइल असेल तर त्याखाली पाणी धरून राहतं, काचेच्या चौकटीशी पत्रा सडतो, तिथून पाणी डिकीत उतरतं आणि डिकीचा तळ जातो. वुडवर्डकर, तुमच्या फोटोत मागच्या चाकावरचा पत्रा फुगलाय, म्हणजे आत हे सगळं झालेलं असणार.

तरीही ही गाडी निरुपयोगी नाही. पुढच्या काचेतून डाव्या बाजूला डॅशबोर्डवर नंबराची पट्टी दिसेल, १९६८ पासून ती तिथेच असते. सुरुवातीची अक्षरं कळवा. एक्सएस असेल तर आर/टी, म्हणजे जास्त ताकदीची चार्जर, एक्सपी असेल तर साधी चार्जर. पाचवं अक्षर इंजिनाचं: जे म्हणजे हेमी (क्रायस्लरचं सगळ्यांत दमदार इंजिन), एल म्हणजे ४४० मॅग्नम. बॉनेट नाही, तर आत डाव्या मडगार्डाच्या पत्र्यावर स्क्रूने बसवलेली छोटी पट्टी अजून आहे का तेही बघा. रंग, आतलं कापड, ऑप्शन सगळं तिच्यावर कोडमध्ये ठोकलेलं असतं. आणि मागच्या सीटच्या स्प्रिंगांत हात घालून बघा. कारखान्यात गाडी बनताना तिच्याबरोबर फिरणारा कागद तिथे अडकून राहिलेला पुष्कळदा सापडतो. उंदरांनी सोडला असेल तर.

वुडवर्डकर

गंजशोध, काल परत जाऊन पाहिलं. एक्सपी २९ जी ९ बी. मडगार्डाची पट्टी जागेवर आहे, फोटो जोडतोय (प्रचि ७). सीटच उरलेली नाही, त्यामुळे कागद नाही.

गंजशोध

म्हणजे साधी चार्जर, जी म्हणजे ३८३ घन इंच दोन-बॅरल, २९० अश्वशक्ती. ९ म्हणजे १९६९ आणि बी म्हणजे हॅमट्रॅमकचा डॉज मेन कारखाना, तुमच्या घरापासून फार लांब नाही. १९८० च्या सुरुवातीला तो बंद झाला आणि पाडला. १९६९ च्या चार्जर तशाही कमी उरल्या. एका लोकप्रिय टीव्ही मालिकेत उड्या मारण्यासाठी त्या शेकड्यांनी मोडल्या गेल्या. या गाडीची दारं आणि मागच्या दिव्यांची पट्टी शाबूत दिसतेय. त्यातून दुसरी एखादी चार्जर उभी राहू शकते. मालकांना हे जरूर सांगा.

जुनी_मुंबई

थोडं अवांतर, पण डॉज आणि प्लिमथची नावं निघाली म्हणून लिहिते. आपल्याकडेही ही नावं घरोघरी होती. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली होती. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्याला डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जोडल्या. फियाट सगळीकडे दिसायला लागण्याआधी मुंबईत मोठ्या टॅक्स्या याच असायच्या. पण पुढे आयातीवर इतकी बंधनं आली की १९६० च्या दशकातली ही व्ही-८ पिढी आपल्या रस्त्यांवर जवळजवळ आलीच नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात काम केलेल्यांच्या घरी जुने फोटो असतील तर त्यांचाही वेगळा धागा व्हायला हवा. मी वाचायला पहिली असेन.

निशिगंध_पुणे

जुनी_मुंबई, +१. असा धागा काढाच.

आता मुद्द्याचा प्रश्न. एवढी माया आहे तर प्रत्येक गंजकी गाडी नव्यासारखी का करत नाहीत? प्रचि १ ची शेव्हेल बघून वाटतं, सगळ्या अशाच व्हाव्यात.

पिस्टनराव

माझंही मत तेच. गाडी रस्त्यावर धावण्यासाठी बनली. १९७० च्या शेव्हेलमध्ये एलएस-६ प्रकारचं ४५४ घन इंचांचं इंजिन मिळायचं, कंपनीने सांगितलेली ताकद ४५० अश्वशक्ती. ते थंडीत सुरू होताना ऐका, मग कळेल की असं इंजिन कोठारात पडून राहणं किती वाईट. पत्रा नवा मिळतो, दारं, मडगार्ड, डिकीचे तळ सगळं नव्याने बनवलेलं मिळतं. १९६९ च्या कमॅरोची तर आख्खी बॉडी नवी विकत मिळते. मग थांबायचं कशाला?

गंजशोध

पिस्टनराव, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांतच माझी हरकत आहे. बॉडी नवी, पत्रा नवा, इंजिन दुसऱ्या गाडीचं आणलं, तर त्यात १९६९ चं काय राहिलं? फक्त नंबराची पट्टी. सफाईने केलेल्या रिस्टोरेशनमध्ये अनेकदा कारखान्याच्या खुणाच पुसल्या जातात. फायरवॉलवर (इंजिन आणि बसायची जागा यांमधला पत्रा) खडूने लिहिलेले आकडे, डिफरेन्शियलवरचे रंगाचे ठिपके, घाईत मारलेल्या रंगाचे ओघळ. त्या काळी रंग असाच ओबडधोबड लागायचा. आज आरशासारखा रंग देऊन आपण कधीच अस्तित्वात नसलेली गाडी तयार करतो.

आणि पैशाचा विचार केला तरी हे खोटं ठरत नाही. बुलिट या १९६८ च्या चित्रपटात अभिनेते स्टीव्ह मॅक्वीन यांनी चालवलेली गडद हिरवी मस्टँग जीटी ३९० आठवते? एका कुटुंबाने ती १९७४ मध्ये ६,००० डॉलरला घेतली आणि घरची बाई रोजच्या कामाला ती चालवायची. १९८० मध्ये क्लच गेला आणि गाडी उभी राहिली. मॅक्वीन यांनी स्वतः पत्र लिहून मागितली, तरी विकली नाही. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या किसिमीच्या लिलावात ती खरचटलेल्या, गंजलेल्या, चित्रीकरणासाठी भोकं पाडलेल्या अवस्थेतच ३४ लाख डॉलरला गेली, वरचे आकार धरून ३७.४ लाख. कुणी तिला नवा रंग दिला असता तर ते सगळं गेलं असतं.

पिस्टनराव

ती एकमेव गाडी आहे, गंजशोध. प्रत्येक कोठारात मॅक्वीनची मस्टँग नसते. साधी ३८३ चार्जर कुणी जशीच्या तशी जपली तर ती पाच वर्षांत मातीत जाईल. तिला वाचवायचं तर पत्रा कापावाच लागणार.

सोनोरन

दोघांचंही पटतंय, पण वेगवेगळ्या गाड्यांबाबत. माझ्या रोडरनरसारखी कोरडी, पूर्ण गाडी असेल तर रंगाला हात लावू नये. ब्रेक, पेट्रोलची लाइन, टायर, वायरिंग एवढं करून ती तशीच चालवावी. मिशिगनची सडलेली असेल तर कापल्याशिवाय इलाज नाही. माझा राग वेगळ्यावरच आहे: फुगलेल्या गंजावर लांबी (पुट्टी) भरून, वर चकचकीत रंग मारून विकणाऱ्यांवर. असल्या गाडीत घेणाऱ्याचे पैसेही जातात आणि गाडीही. खरेदीला जाताना लोहचुंबक न्या. चाकाच्या कमानीशी, दाराच्या खालच्या कडेला तो चिकटला नाही तर तिथे पत्रा नाही.

केतकी_रान

मी नॉर्थ कॅरोलिनात. आमच्याकडे शर्यतींचं वेड, म्हणून हा फोटो.

प्रचि ८: १९७० प्लिमथ सुपरबर्ड. पुढे लांब चोच, मागे पुरुषभर वाटावा असा पंख.

ही जन्मली ती शर्यतीच्या नियमामुळे. जी गाडी नॅसकारच्या (अमेरिकेतली मोटार शर्यतींची संघटना) ट्रॅकवर आणायची ती ठरावीक संख्येने लोकांनाही विकली पाहिजे, असा नियम होता. आधी १९६९ मध्ये डॉजने चार्जर डेटोना आणली. मार्च १९७० मध्ये शर्यतपटू बडी बेकर यांनी टॅलाडेगाच्या ट्रॅकवर अशाच डेटोनातून २०० मैलांचा टप्पा ओलांडला, ताशी २००.४४७ मैल. पण सामान्य गिऱ्हाइकाला हा पंख नको होता. सुपरबर्ड शोरूमबाहेर पडून राहिल्या आणि काही विक्रेत्यांनी चोच आणि पंख काढून त्या साध्या रोडरनर म्हणून खपवल्या. आज तेच पंख जागेवर असलेली गाडी कुणाला परवडत नाही.

निशिगंध_पुणे

हे कळलं की वाईट वाटतं. इतक्या लवकर लोकांचं मन कसं उडालं?

पिस्टनराव

मन उडण्याआधी खिसा फाटला. विमा कंपन्यांनी तरुण चालक आणि मोठं इंजिन या जोडीवर इतका हप्ता लावला की गाडीच्या कर्जापेक्षा विमा जड व्हायला लागला. १९७० मध्ये हवेच्या प्रदूषणाचा कडक कायदा आला. शिसं नसलेल्या पेट्रोलवर चालावं म्हणून जनरल मोटर्सने १९७१ च्या इंजिनांचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबलं जाण्याचं प्रमाण) उतरवलं, त्याने ताकदही उतरली. १९७२ पासून ताकद मोजायची पद्धतही बदलली. आधी मोकळं इंजिन स्टँडवर ठेवून मोजायचे, आता पंखा, अल्टरनेटर, सायलेन्सर सगळं लावून. त्यामुळे शेव्हेलच्या एलएस-५ या ४५४ इंजिनासमोर १९७० मध्ये ३६० आकडा होता, तो १९७२ मध्ये २७० झाला. निम्मा फरक कागदावरचा, पण गिऱ्हाइकाला आकडाच दिसतो. ऑक्टोबर १९७३ मध्ये तेलाची अरब नाकेबंदी झाली आणि पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. गॅलनला दहा-बारा मैल देणारी गाडी कोण ठेवणार? वापरलेल्या मसल कार मातीमोल झाल्या. पोरांनी घेतल्या, पिटल्या, इंजिन फोडलं आणि शेतात लोटून दिल्या. या धाग्यावरच्या बहुतेक गंजक्या गाड्या तिथून आल्या आहेत.

आता प्रचि ४. वुडवर्डकरांनी मागचा फोटो पाठवला, आभार. दिव्यांवरच्या त्या आडव्या फटी बघून माझी जवळपास खात्री झाली: १९६६ ची जीटीओ. साधी लमान्स असती तर दिवे वेगळे असते. पण फोटोवर विसंबू नका, दिवे बदलता येतात. १९६६ मध्ये नंबराची पट्टी काचेतून दिसत नाही, ती चालकाचं दार उघडल्यावर बिजागरीच्या खांबावर असते. पहिले तीन आकडे २४२ असतील तर जीटीओ, २३७ असतील तर लमान्स. त्याच वर्षी जीटीओ स्वतंत्र मॉडेल झाली, म्हणून हे कळू शकतं. १९६४-६५ ची असती तर नुसत्या नंबरावरून सांगता आलं नसतं.

वुडवर्डकर

दार उघडलं! आजोबांनी स्वतः तेल सोडून, हळूहळू हलवत उघडलं. पट्टीवरचे आकडे: २४२ १७ ६ पी आणि पुढे क्रमांक.

पिस्टनराव, तुम्हाला साष्टांग.

पिस्टनराव

अस्सल! २४२ जीटीओ, १७ म्हणजे हार्डटॉप (बाजूच्या काचांमध्ये खांब नसलेली), ६ म्हणजे १९६६, पी म्हणजे पॉन्टिॲक गावचाच कारखाना. तुमच्या वुडवर्डच्या टोकाला बनलेली गाडी. त्या वर्षी ९६,९४६ जीटीओ विकल्या गेल्या, त्यांचा सगळ्यांत मोठा आकडा. इंजिन ३८९, साधं ३३५ अश्वशक्तीचं, ट्राय-पॉवर ३६०. ट्राय-पॉवरचं ते शेवटचं वर्ष. एअर क्लीनर एक आहे की तीन, ते बघा. पण तीन कार्ब्युरेटर नंतरही बसवतात, तेव्हा ब्लॉकच्या पुढच्या तोंडावरची दोन कोरलेली अक्षरं पुसून फोटो काढा. पॉन्टिॲकचे जुने बिलिंगचे कागद पैसे भरून मिळतात, तेही मागवा. मग शंकाच राहणार नाही.

गंजशोध

वुडवर्डकर, आजोबांना हात जोडून सांगा, चावी फिरवू नका. इतकी वर्षं उभ्या असलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतींना चिकटलेल्या असू शकतात. आधी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ तेल सोडा, चार दिवस तसंच राहू द्या. मग क्रँकच्या बोल्टला लांब पाना लावून हाताने फिरवा. फिरलं तर निम्मं जिंकलात. अडलं तर जोर लावू नका, पुन्हा तेल. टाकीतलं पेट्रोल आता वार्निश झालेलं असणार, टाकी उतरवूनच साफ करा. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, त्याने जुने रबरी पाइप फुगून फुटतात, सगळे बदला. आणि ब्रेक आधी, इंजिन नंतर. १९६६ च्या या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि मास्टर सिलिंडर (ब्रेकच्या तेलाला दाब देणारा) एकाच कप्प्याचा. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. दोन कप्प्यांचा सिलिंडर बसवून घ्या, या एका बदलाला माझा विरोध नाही.

दिलासा म्हणजे, जनरल मोटर्सच्या या गाडीला खाली वेगळी चासी आहे. चार्जरसारखा कणा जाण्याची भीती कमी. मागच्या चाकांच्या वर चासी जिथे वळते ती जागा तेवढी टोचून बघा.

वुडवर्डकर

सगळं वाचून दाखवलं. आजोबांनी ही गाडी तरुणपणी नवीच घेतली होती, मुलं झाल्यावर कोठारात लावली. विकायची नाही म्हणाले. रंगही द्यायचा नाही, ब्रेक आणि इंजिन करायचं, येत्या ऑगस्टमध्ये क्रूझला न्यायची. चासी टोचून पाहिली, टणक आहे. एअर क्लीनर एकच, मोठा. ब्लॉकचे फोटो पुढच्या आठवड्यात टाकतो, तिथे उंदरांचं मोठं घरटं आहे, ते आधी काढायला हवं.

सोनोरन, एक मागणी आहे. उजव्या दाराचा खालचा भाग पूर्ण गेलाय. तुमच्या त्या आवारात १९६६ ची हार्डटॉप जीटीओ किंवा लमान्स आहे का? लमान्सचं दारही चालेल.

सोनोरन

एक लमान्स आहे, सोनेरी रंगाची, उन्हात भाजून निघालेली. उजवं दार असल्याचं आठवतंय, पण ती ६६ ची की ६७ ची हे बिजागरीच्या खांबावरची पट्टी बघूनच सांगतो. शनिवारी जातोय. चुंबक नेतो आणि दाराच्या खालच्या कडेचे आतून-बाहेरून फोटो टाकतो. पाठवणीचा खर्च आपण व्यनित (व्यक्तिगत निरोपात) बोलू.